पंचगंगेचे पाणी आणि शेवटच्या नळाची कावीळ

पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेले, हे कोल्हापूर जिल्ह्यातले शाळकरी पोरही सांगते. २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी अंगावर झेलले, त्यांना तर हे आकडे झोपेतही आठवतात. पण याच नदीच्या पाण्यात घाण किती आणि जंतू किती, असे विचारले तर वस्तीतच काय, पेठेतही क्वचितच कोणी सांगू शकेल. पूर चार-आठ दिवसांत ओसरतो. पाणी आपण रोज पितो. म्हणून या अंकात आरोग्याच्या पानावर पंचगंगा घेतली आहे. आपले वाचक कोल्हापूर, इचलकरंजी, हातकणंगले, शिरोळ भागात पुष्कळ आहेत. जे इतरत्र राहतात त्यांनी पंचगंगेच्या जागी आपल्या गावची नदी घालून वाचावे. फारसा फरक पडणार नाही.

आधी ही नदी येते कुठून ते पाहू. सह्याद्रीच्या डोंगरातून कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या उतरतात. गगनबावडा, राधानगरीकडचा हा मुलूख धो धो पावसाचा. राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतलेले राधानगरीचे धरण भोगावतीवरच आहे. या नद्या कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली येथे एकत्र होतात आणि तिथून पुढे पंचगंगा म्हणवतात. पाचवी सरस्वती गुप्त आहे असे सांगतात. ती कोणी पाहिलेली नाही. मात्र आज पंचगंगेला येऊन मिळणारी गटाराची धार सगळ्यांना दिसते, आणि तिचा वासही येतो.

कोल्हापूर शहरातले सांडपाणी जयंती नाला, दुधाळी नाला अशा नाल्यांतून नदीकडे येते. कसबा बावड्याला ते शुद्ध करण्याचे मोठे केंद्र आहे, दुधाळीलाही आहे. केंद्रे झाली ही चांगली गोष्ट. पण पंप बंद पडला, वीज गेली किंवा पावसाने नाला फुगला, की पाणी केंद्रात न जाता बांधावरून उडी मारून थेट नदीत जाते. त्यात औद्योगिक वसाहतींचे पाणी, साखर कारखान्यांची मळी, उसाच्या शेतातून निथळणारी खते मिसळतात. पुढे इचलकरंजीत कापडाला रंग देणाऱ्या आणि धुणाऱ्या प्रोसेसचे पाणी येते. काठावरच्या गावांचा मैला तर सगळीकडूनच येतो. हे सगळे घेऊन नदी शिरोळ तालुक्यातून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि कर्नाटकात जाते.

नदीवर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की त्यांना बरगे घालून पाणी अडवतात. शेतीला त्याचा मोठा आधार आहे, ते नाकारता येणार नाही. पण अडवलेल्या पाण्यात वरून घाण येतच राहिली, तर नदीचे डबके होते. पाण्यात विरघळलेला प्राणवायू असतो, त्यावर मासे जगतात. मैला आणि मळी कुजवणारे जंतू हा प्राणवायू खाऊन टाकतात. मग तेरवाड बंधाऱ्यासारख्या ठिकाणी मासे तोंड वर काढून तडफडतात आणि मेलेल्या माशांचा खच पडतो. वर्तमानपत्रात फोटो येतो, अधिकारी पाण्याचे नमुने नेतात, धरणातून थोडे पाणी सोडून नदी ‘वाहती’ करतात. मग तीच घाण पुढच्या गावाच्या बंधाऱ्यात जाऊन बसते. अंघोळीला योग्य अशा नदीच्या पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असे सरकारी निकष सांगतात. नदीवर केंदाळ पसरले असेल आणि मासा वर येऊन धापा टाकत असेल, तर त्या पाण्याचे काय झाले आहे हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही.

वरचा घाण टाकतो आणि खालचा ती पितो. कोल्हापूरने टाकलेले इचलकरंजीला, इचलकरंजीने टाकलेले शिरोळला. खालच्यांनी ओरड केली की वरचे म्हणतात, आमच्याकडे तर स्वच्छच आहे. दोन गावांचे पाण्यावरून भांडण आपल्याला नवे नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेला वाद सांगितला आहे. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला. दोन्ही बाजूंचे दोन-दोन आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाच जणांनी वाद मिटवावा, असा उपाय त्याने संघापुढे ठेवला होता. म्हणजे नदीचा प्रश्न एका काठाचा किंवा एका गावाचा धरून सुटत नाही, हे तिथेच दिसते. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया घातला. त्यामागचा विचारही हाच होता, की पूर, सिंचन, वीज यांचा विचार सबंध खोरे धरून करायचा. पंचगंगेच्या प्रदूषणाबद्दल उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, नीरी या संस्थेकडून अभ्यास झाला. तरीही प्रत्येक नगरपालिका आणि प्रत्येक ग्रामपंचायत आपापल्या हद्दीपुरतेच पाहते, हे दुखणे कायम आहे.

आता नदीपासून आपल्या नळापर्यंत येऊ. कारण आपल्यापैकी कोणी नदीचे पाणी ओंजळीने पीत नाही. ते शुद्धीकरण केंद्रातून येते. तिथे तुरटी टाकून गाळ बसवतात, वाळूतून गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. मग कावीळ, टायफॉईड, जुलाब येतात कुठून?

याचे एक कारण क्लोरीनच्या हिशेबात आहे. क्लोरीन फक्त जंतूंवर खर्च होत नाही. पाण्यात मैल्याचा, मळीचा अंश असेल तर तोही क्लोरीन खातो. नदी जितकी घाण, तितके क्लोरीन वाटेतच संपते. केंद्राजवळच्या नळाला औषधाचा वास येतो, पण पाइपलाइनच्या टोकाला काहीच उरत नाही. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असले पाहिजे, असा पिण्याच्या पाण्याचा निकष आहे. हे शिल्लक क्लोरीन म्हणजे वाटेत घुसणाऱ्या जंतूंसाठी ठेवलेला पहारेकरी. पाण्याला किंचित वास आला तर आपल्या बायका तक्रार करतात. खरे तर वास अजिबात न आला तर तक्रार करायला हवी.

आणि शेवटचा नळ कुणाचा? गावाचा नकाशा काढून पाहा. टाकी उंचावर, गावठाणात. तिथून पाइप उतरत उतरत येते आणि सगळ्यात शेवटी, सखल भागात, ओढ्याकाठी आपली वस्ती. गावकुसाबाहेर राहायला लावले ते दिवस गेले असे म्हणतात, पण पाइपलाइन अजून त्याच नकाशावर चालते. गावाचे गटारही उताराने याच बाजूला येते. म्हणजे स्वच्छ पाणी सगळ्यात शेवटी आणि घाण पाणी सगळ्यात आधी पोहोचण्याची जागा एकच.

दुसरे कारण याहून मोठे आहे. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसते. कुठे दिवसाआड, कुठे तीन-चार दिवसांनी तासभर. पाणी चालू असते तेव्हा पाइपमध्ये दाब असतो, फट असली तरी पाणी बाहेर जाते. पाणी बंद झाले की पाइप रिकामी होते, आणि त्याच फटीतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. पाइप गटारातून गेलेली असेल तर गटाराचे. वस्तीत ही दृश्ये नेहमीची आहेत: गटाराच्या तळातून गेलेली अर्ध्या इंची पाइप, सायकलच्या ट्यूबने बांधलेला जोड, तोटी नसलेला आणि खड्ड्यात बसवलेला नळ. त्यावर कोणी नळाला थेट मोटार लावली की ओढ आणखी वाढते. मोटार लावणाऱ्याला चार घागरी जास्त मिळतात आणि अख्ख्या गल्लीच्या पाइपमध्ये गटार शिरते. याबद्दल शेजाऱ्याशी वाईटपणा नको म्हणून आपण गप्प बसतो. वाईटपणा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात काविळीची मोठी साथ आली. हजारो माणसे आजारी पडली, काहींचे प्राण गेले. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचे मुख्य दोन प्रकार आहेत. ‘ए’ प्रकारची कावीळ जास्त करून लहान मुलांना होते आणि बहुतेक वेळा आपोआप बरी होते. ‘ई’ प्रकारची तरुण, कमावत्या माणसांना गाठते, आणि गटाराचे पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले की तिची साथ येते. ती गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत झाली, तर जिवावर बेतते. अशा बायकांपैकी शंभरात वीस-पंचवीस दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे वस्तीत एक जरी काविळीचा रुग्ण निघाला, तरी घरातल्या गरोदर सुनेला, लेकीला त्या दिवसापासून उकळलेलेच पाणी द्या. बाकीच्यांचे नंतर बघू.

‘ई’ प्रकारच्या काविळीची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दूषित पाणी प्याल्यानंतर लक्षणे दिसायला दोन ते दहा आठवडे लागतात, साधारण पाच-सहा आठवडे. आज गल्लीत तीन जण पिवळे पडले, तर पाणी बिघडले होते महिन्याभरापूर्वी. अधिकारी आज नमुना घेऊन ‘पाणी पिण्यास योग्य’ असा अहवाल देतात, तो खोटा नसेलही, पण त्याने महिन्यापूर्वीची गळती खोटी ठरत नाही. आणि तेवढ्या दिवसांत ते पाणी आणखी किती घरांत गेले असेल, याचा विचार करा. म्हणून पहिला रुग्ण दिसताच आशाताईला कळवायचे. पाच-दहा जण होण्याची वाट पाहायची नाही.

सुरुवातीला ताप, मळमळ, भूक मरणे, उजव्या बरगडीखाली दुखणे, मग लघवी चहासारखी गडद आणि डोळे पिवळे. या आजारावर जंतू मारणारे खास औषध नसते. विश्रांती, पुरेसे पाणी आणि पोटभर साधे जेवण यानेच बहुतेक माणसे बरी होतात. हळद पिवळी म्हणून ती बंद करणे, तेलाचा थेंबही न देणे, नुसत्या उसाच्या रसावर ठेवणे, याने माणूस अशक्त होतो. त्यातही गाड्यावरचा बर्फ घातलेला रस म्हणजे पुन्हा तेच पाणी. दारू पूर्ण बंद. दुकानातून आणलेल्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या मनाने खाऊ नयेत, त्यांचाही ताण यकृतावर येतो. रुग्ण बडबडू लागला, फार झोपाळला, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा कुठूनही रक्त येऊ लागले, तर तासभरही घरी ठेवू नका. गरोदर बाईची लघवी गडद झाली तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना.

कावीळ उतरवणाऱ्यांबद्दल लिहायलाच हवे. आपल्या घरांतूनही माणसे त्यांच्याकडे जातात. उतरवणारा हातापायांना आंब्याच्या सालीचा रस लावतो आणि चुन्याच्या निवळीत धुतो. पाणी पिवळे होते, कावीळ ‘उतरली’. निरोगी माणसाचे हात तसे धुतले तरी पाणी पिवळेच होईल, घरी करून पाहा. काविळीची माळ रोज लांबत जाते, कारण तिच्या गाठी हळूहळू सैल होतात. कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होणारीच असते, त्यामुळे श्रेय त्याला मिळते. ज्याची बरी होणारी नसते, त्याचे पहिले चार-पाच मोलाचे दिवस त्यात जातात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे चालू नये.

जुलाबांबद्दल थोडक्यात. मुलाला जुलाब लागले की पहिल्या जुलाबापासून ओआरएसचे पाणी, अंगावरचे दूध चालूच, आणि आशाताईकडून झिंकच्या गोळ्या घेऊन त्या चौदा दिवस पूर्ण द्यायच्या. जुलाब थांबले म्हणून तिसऱ्या दिवशी बंद करू नयेत.

घरात काय करावे? नळ सोडल्यावर येणारे पहिले पाणी पिण्यासाठी भरू नका. पाइपमध्ये ओढले गेलेले सगळे त्यातच येते. पहिल्या दोन-तीन बादल्या संडासाला, फरशीला वापरा. एका नळावर दहा घरे असतील तर पहिला नंबर ज्याचा त्याच्या वाट्याला हेच पाणी येते, म्हणून पहिल्या बादल्या कुणी घ्यायच्या हे सगळ्यांनी मिळून ठरवावे. पिण्याचे पाणी दुहेरी फडक्याने गाळा. भिक्खूच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र आहे, हे आपल्याला माहीत आहे. पण गाळल्याने आणि तुरटी फिरवल्याने पाणी नितळ होते, जंतू मरत नाहीत. त्यासाठी उकळायला हवे. खळखळून उकळी फुटल्यावर एक-दोन मिनिटे पुरेत, वीस मिनिटे गॅस जाळण्याची गरज नाही. सगळ्यांसाठी उकळणे परवडत नसेल तर गरोदर बाई, लहान मुले आणि आजारी माणसापुरते तरी उकळा. बाकीच्या पाण्यात आरोग्य केंद्रातून मिळणारे मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाका आणि अर्धा तास थांबा. घागरीत हात बुडवायचा नाही, लांब दांड्याचे वगराळे ठेवा.

वीस लिटरचा गार जार म्हणजे शुद्ध पाणी, असा समज झाला आहे. जयंतीला, बुद्ध पौर्णिमेला, खीरदानाला आपण हेच जार आणतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने सापडले. तेव्हा पाण्याच्या तपासणीत काही खासगी आरओ केंद्रांचे पाणीही दूषित निघाले होते. गारवा ही शुद्धतेची खूण नाही. मोठ्या कार्यक्रमाला टँकर किंवा जार मागवला तर त्यात मेडिक्लोर टाकायची जबाबदारी मंडळाच्या एका कार्यकर्त्यावर नेमून द्यावी.

पण घरच्या घागरीवर सगळा भार टाकून नगरपालिकेला मोकळे सोडायचे नाही. जीवन जगण्याच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाण्याचा हक्क येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात म्हटले आहे. १९२७ ला महाडला आपण पाण्याला हात लावण्याचा हक्क बजावला. त्याच्या सात वर्षे आधी, मार्च १९२० मध्ये, माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी बाबासाहेबांचे नेतृत्व जाहीरपणे मानले. ते माणगाव इथलेच, पंचगंगेच्या काठापासून फार दूर नाही. त्या मुलखातल्या वस्तीला आज नळ आहे, पण त्या नळाला येते काय, हे विचारणारे पुरेसे लोक नाहीत.

ग्रामपंचायत असेल तर तिच्याकडे पाण्याचे कार्ड असते. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याच्या स्रोतांची आणि परिसराची पाहणी करून लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. लाल म्हणजे धोका मोठा. आपल्या गावचे कोणते, हे ग्रामसभेत विचारा. गावात जलसुरक्षक नेमलेला असतो, पाण्यात टीसीएल पावडर टाकणे आणि क्लोरीन तपासणे त्याचे काम. टीसीएलचे पोते उघडे पडले तर त्यातले क्लोरीन उडून जाते, मग ती पावडर टाकली काय आणि रांगोळी टाकली काय. क्लोरीनची ओटी तपासणी दोन मिनिटांची असते, पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन आहे. ती टाकीजवळ न करता आपल्या वस्तीतल्या शेवटच्या नळावर, आपल्या डोळ्यांदेखत करायला सांगा. शहरात हीच मागणी पाणीपुरवठा विभागाकडे करायची.

अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाच्या योजनेतून गटारे आणि पाइपलाइन होतात. कामाच्या वेळी महिला मंडळाने उभे राहून एवढे पाहावे की गटार आणि पिण्याची पाइप एकाच चरीत जात नाही, आणि पाइप गटाराच्या वरून आणि बाजूला अंतर राखून जाते. काँक्रीट पडल्यावर बोलून उपयोग नसतो.

पाणी संशयास्पद वाटले तर जैविक तपासणीचा आग्रह धरा. पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात मैल्याचा ई-कोलाय जंतू एकही चालत नाही. नमुना शीतपेयाच्या जुन्या बाटलीत भरून नेऊ नका, आरोग्य केंद्रातून निर्जंतुक बाटली मिळते. तिच्या तोंडाला बोट लावू नका, बर्फात ठेवा आणि चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवा. बाटलीवर नळ कुठला, तारीख आणि वेळ लिहा. पोच घ्या. अहवाल ‘अयोग्य’ आला तर त्याची प्रत विहाराच्या फलकावर लावा आणि गळती काढून होईपर्यंत दर आठवड्याला त्याच नळाचा नवा नमुना द्या. अहवाल देत नसतील तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतो. अर्जात मागच्या तीन महिन्यांचे, वस्तीच्या टोकाच्या नळाचे अहवाल मागा, कारण टाकीजवळचे बहुधा चांगलेच असतात.